न्हाणीमागची सळई

मस्कतच्या आमच्या फ्लॅटमध्ये दाराशेजारी विजेची पेटी होती आणि तिच्यात एक खटका होता. एकदा मी ओल्या हातानं बिघडलेली किटली धरली, तर हाताला जरा चुणचुण झाली आणि त्याच क्षणी घरातले सगळे दिवे गेले. नवऱ्यानं किटलीचा प्लग काढला, खटका वर केला आणि म्हणाला, "अंधार झाला म्हणून वाचलीस." मग त्यानं समजावून सांगितलं. गेला तेवढा करंट वायरीतून परत आला नाही, तर उरलेला माणसातून जमिनीत चाललाय असं धरून तो खटका सगळं घर बंद करतो.

तिथं प्लगचे दात चौकोनी आणि जाडजूड, पोटात फ्यूज. न्हाणीघरात सॉकेटच नाही, केस वाळवायचे तर बाहेर या. मी वैतागायचे. आता त्या वैतागाचीसुद्धा मला आठवण येते.

मग सासऱ्यांना लकवा झाला. सासूबाई आधीच गेलेल्या. नवऱ्याची नोकरी तिथं, म्हणून लहानग्या लेकीला घेऊन मी सेनगावजवळच्या आमच्या गावी आले, थोड्या दिवसांसाठी. ते थोडे दिवस अजून संपायचे आहेत.

गावातल्या घरी लाईट होती, पण ती सळईवरची. आमच्या गल्लीच्या खांबावर न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी वायर वाऱ्यानं तुटते. जोडून देतात, पुन्हा तुटते. करंट येतो, त्याला परत जायला वाट नाही. मग आमच्याकडे लोक काय करतात, तर अंगणात लोखंडी सळई ठोकतात, तिला वायर बांधतात आणि करंटला जमिनीतून वाट करून देतात. बल्ब लागतो, पंखा फिरतो. गल्लीतली पहिली सळई आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनीच ठोकलेली. न्हाणीच्या मागं, कारण तिथं ओल असते. उन्हाळ्यात माती वाळली की पंखा मंदावतो, मग सळईच्या बुडाशी पाणी ओतायचं. ते काम घरातल्या सुनेचं. तुळशीला पाणी घालावं तसं मी रोज त्या सळईला घालू लागले, मेन बटण बंद करून आणि चार हात लांबून. शेजारच्या काकू मला हसायच्या.

"एवढं काहून भ्यावं? आमी तं हातानं चाचपून पाहतो, वली हाये का न्हाई."

खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

आबांना हवेची गादी लागत होती. अंग हलत नाही, पाठीला जखमा होतात, म्हणून तिचा छोटा पंप सारखा चालू ठेवावा लागे. गादी नवऱ्यानंच पाठवलेली. तिच्या प्लगचे चौकोनी दात इथल्या गोल भोकात जाईनात. मी जोडणीचा प्लग आणायला सांगितला, तर गावातल्याच एका चुलत दिरानं प्लग छाटला, वायरी सोलल्या आणि काड्यापेटीच्या काड्या ठोकून सॉकेटात बसवल्या. "झालं की बराबर!" तो म्हणाला.

नवऱ्याकडून मी तो खटकाही मागवला. गावातल्या वायरमननं तो मीटरपाशी बसवला आणि वर केला, की लगेच खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. पडणारच. आमच्या घरातला सगळाच करंट जमिनीत जात होता. तेवढ्या वेळात पंप बंद, गादी बसलेली आणि आबांच्या कपाळावर आठ्या. वायरमन म्हणाला, "थांबा वहिनी, सळईची वायर खटक्याच्या अलीकडून घेतो." त्यानं घेतली. करंट आता खटक्यातून परत येऊन मगच सळईत जात होता, म्हणून खटका वर राहिला. सगळ्यांना हायसं वाटलं. मी व्हिडिओवर नवऱ्याला दाखवलं, तर त्याचा चेहरा उतरला.

"आता घरात कुणाला शॉक बसला तर तो पडेल. पण सळईला कुणी हात लावला तर त्याला कळणारच नाही."

"मग काय करू?"

"न्यूट्रल नीट करून घ्या."

जणू मीच खांबावर चढणार होते! सळई ठेवली तर लेकीचा धोका, काढली तर आबांची पाठ. कुणाकडे बोलावं तर ऐकणारा हसून म्हणे, इतकी वर्षं काही झालं का? मी सळईभोवती बाभळीच्या फांट्या लावल्या आणि लेकीला दटावून ठेवलं. दारातून रस्ता दिसायचा, जीप जाताना दिसायच्या. मला मात्र हिंगोलीला जाऊन यायचीही सोय नव्हती. घराबाहेर पाऊल टाकलं की डोक्यात ती सळई असायची.

एका दुपारी मी भाकरी थापत होते. आबांची खाट खिडकीशी, तिथून न्हाणीमागचं दिसतं. बोलणं जड झालेलं, एकच हात चालतो. त्या हातानं ते स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडावर आपटायला लागले. "आले, आले," मी ओरडले. आवाज थांबेना, तशी पिठाच्या हातानं उठले. आबा पाण्यासाठी आपटत नव्हते. ते खिडकीकडे पाहत होते.

लेक फांट्या सारून सळईशी उकिडवी बसली होती. हातात मग. माझंच पाहून पाणी घालत होती, आणि दुसरा हात सळईवर. तोंड उघडं, आवाज नाही. मी फ्रॉकला धरून ओढली. माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मग ती रडली, आणि मी तिला उचललं. आत येऊन पाहिलं, खटका वरच होता. पंप घुरघुरत होता.

डॉक्टरांनी लेकीला तपासलं, ती बरी होती. घरी आले तर आबांचे डोळे भरलेले. मोठ्या कष्टानं एकच शब्द काढला.

"उपट."

"आबा, गादी बंद पडंल."

"पडू दे. उपट."

मी मेन बटण बंद केलं, वायर सोडवली आणि सळई उपटली. ठोकणाऱ्यानं ती इतकी खोल ठोकली होती की हाताला फोड आले.

आता न्यूट्रल असला की खटका वर असतो आणि आमची लाईट बाकीच्यांपेक्षा बिनधोक असते. न्यूट्रल तुटला की सगळी गल्ली सळईवर उजळते आणि आमचंच एक घर अंधारात राहतं. काकू म्हणतात, "काहून तकलीफ करून राहिली?" गादी बसलेली असते, मी आबांना हातानं कुशीवर वळवते, पाठीला पावडर लावते, परत वळवते. कंबर मोडते. एक जखम पुन्हा उघडली आहे. आबा कण्हतात, पण सळईचं नाव काढत नाहीत.

दिवा गेला की ते एवढंच विचारतात, "लेकरू कुठं हाये?"

"इथंच हाये, माझ्यापाशी."

"मंग राहू दे अंधार."