गाडीला चांगली म्हणणारे

माझ्या धंद्यात एक गोष्ट आधी शिकावी लागते. ज्याला माल हवा असतो, तो मालाला नावं ठेवतो. जो ‘वा, काय माल आहे’ म्हणतो, तो चहा पिऊन निघून जातो.

भवानी पेठेत बंद पडलेले यंत्रमाग विकत घ्यायचे आणि त्यांचे सुटे भाग विकायचे, हा माझा धंदा. त्याआधी त्याच मागांवर मी जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. शिक्षण सातवी. बापाने काही ठेवलं नाही, सासऱ्याने काही दिलं नाही. जे मिळवलं ते या तोंडाच्या जोरावर. चांगला माग दिसला की मी चेहरा आंबट करायचो, पायाने ढकलून बघायचो आणि म्हणायचो, ‘भंगार आहे.’ मग समोरचा खाली यायचा.

ती जुनी गाडीही मी अशीच घेतली. श्रीपूरला साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाच्या दारात, बाभळीखाली ती उभी होती. खालचा पत्रा गंजून गेलेला, मागच्या सीटवर मांजर व्यालेली. पण इंजिन चालू केलं आणि आवाज ऐकून मी विकला गेलो. तोंडाने मात्र म्हणालो, ‘ह्यात कोंबड्या पाळा साहेब.’ तो चिडला, पण कागदपत्रांसह गाडी देऊन मोकळा झाला.

मला ती गाडी तशी नको होती. तिचं इंजिन, गिअर आणि चाकं घेऊन त्यावर माझी गाडी उभी करायची होती. लांब नाकाची, उघडी, दोन माणसांची. लहानपणी कुंभारीच्या रस्त्यावरून अशी एक गाडी गेली होती. कुणाची होती, कुठे चालली होती, माहीत नाही. धूळ खाली बसेपर्यंत मी बघत उभा होतो, एवढंच आठवतं.

घरामागच्या अंगणात काम काढलं. चौकोनी पाइपची नवी चौकट जोडली. पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी मोगरीने ठोकायचा, म्हणजे हळूहळू त्याला गोलाई येते. एका बाजूचा मडगार्ड जमला की दुसऱ्या बाजूचा तसाच जमेना. फेकायचा आणि नवा पत्रा घ्यायचा. खड्ड्यात पुट्टी भरून वर रंग मारणं हा आजच्या गॅरेजांचा उद्योग; मी पुट्टीचा डबा अंगणात येऊ दिला नाही. गिअरच्या दांड्याला मूठ म्हणून मागाचा धोटा कापून बसवला. इतकी वर्षं सुतातून धावून तो असा गुळगुळीत झाला होता की हात ठेवला की काढावासा वाटत नसे.

बायको मागच्या दारातून बघायची.

‘अहो, ह्यो डबा कवा हलायचा?’

‘डबा म्हणू नको.’

‘मग काय म्हणू? पिंप?’

तिचं माहेर अक्कलकोटच्या पुढे. ‘असल्या डब्यात बसून मी माहेराला जाणार न्हाय, आदीच सांगते. लोकं हसतील की.’ वर छप्पर नाही, केस विस्कटतील, दार हलकं लागतं, एक ना दोन. आणि एक दिवस पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, ‘शीटला कापड कुठल्या रंगाचं घेणार हाय?’ मी धंद्यातला माणूस. गिऱ्हाईक पक्कं आहे, हे मला तेव्हाच कळलं. कापड तिनेच जाऊन आणलं, गडद लाल.

गाडी झाली. अंगणात पुढेमागे फिरवली. रस्त्यावर काढायची तर केलेले बदल कागदावर चढवून घ्यावे लागतात, म्हणून टेम्पोत घालून आरटीओच्या तपासणीला नेली.

तपासणारा साहेब तरुण होता. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘काका, हे तुम्ही घरी केलंत? कमाल आहे. कंपनीला लाजवेल असं फिनिशिंग आहे.’ त्याने आत बसून फोटो काढून घेतला.

मला हे लक्षण बरं वाटलं नाही.

मी वाट बघत होतो की त्याने खोड काढावी. आरसा लहान आहे म्हणावं, दिवा खाली आहे म्हणावं. मी भांडलो असतो, तो थोडा सरकला असता, मी थोडा सरकलो असतो. मला तेवढंच येतं. पण तो कौतुकच करत राहिला, आणि मग त्याने खिशातून कागद आणि पेन्सिल काढली.

‘चेसिस नंबर कुठे आहे?’

हा नंबर कंपनी पत्र्यावर ठोकून देते. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे कागदावर उमटतात, आणि तोच छाप कागदपत्रांशी ताडून बघतात. तो वाकला, आत शिरला, गाडीखाली डोकं घातलं. उठला तेव्हा कागद कोराच होता.

‘तो पत्रा गंजला होता,’ मी म्हणालो. ‘कापून टाकला.’

‘नंबर कापलात?’

‘नंबर नाही. गंज कापला.’

‘काका, कागदावर जी गाडी आहे तिची ओळख त्या तुकड्यात होती. आता ही कुठलीच गाडी नाही.’

‘म्हणजे गंजकी ठेवली असती तर चाललं असतं?’

‘निदान काही वाट काढता आली असती,’ तो म्हणाला.

मी शेडमधल्या टेबलावर मूठ आपटली. शेजारी तपासणीला आलेला, धूर ओकणारा एक जुना टेम्पो उभा होता, त्याचा छाप मात्र स्वच्छ उमटला होता. त्याला नंबर होता, म्हणून तो गाडी. माझ्या चौकटीवर हत्ती उभा केला असता तरी वाकली नसती, पण ती कुठलीच गाडी नाही. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, ‘पण काम खरंच सुंदर आहे. घरी शोपीस म्हणून ठेवा.’

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कापलेले तुकडे मी ज्याला विकले होते, त्या भंगारवाल्याकडे धावलो. त्याचा माझा कितीतरी वर्षांचा व्यवहार. एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय आमचा सौदा होत नाही. तो म्हणाला, ‘पत्रा भट्टीत गेला शेट. आता त्याची सळई हुऊन कुणाच्या तरी स्लॅबात आसंल.’

पुढे गाडी अंगणात उभी राहून राहून टायर बसले. येता-जाता तिच्याकडे बघवेना. एक दिवस त्याच भंगारवाल्याला बोलावलं. तोडायला ने म्हणालो. तो आला, बोटांनी पत्रा वाजवला, मडगार्डवरून हात फिरवला, धोट्याची मूठ दाबून बघितली.

‘क्या काम किया है शेट,’ तो म्हणाला. ‘खरं सांगतो, लई भारी.’

‘नावं ठेव ना रे. भंगार म्हण.’

‘कशाला म्हणू? पण नक्को. बिननंबरची गाडी तोडताना कुणी बघितलं तर चोरीची म्हणतील. आता भंगारलापण कागद लागतो.’

चहा घेतला आणि गेला.

आता बॉनेटवर बायको शेंगदाणे वाळत घालते. पत्रा चांगला तापतो म्हणते. परवा दुपारी ती दाणे गोळा करत होती. मध्येच थांबली, पदराने मडगार्डवरची धूळ पुसली, सीटच्या लाल कापडाकडे बघितलं. ऊन लागून ते विटलं आहे.

‘गाडी लई चांगली केली व्हती हो तुमी,’ ती म्हणाली.

‘डबा म्हण,’ मी म्हणालो.

‘आता कशाला?’

‘डबा म्हण की!’ मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारची खिडकी उघडली.

ती दाणे टोपलीत भरून आत गेली.