रविवारचा ताबा

"निळ्या अभ्र्याची उशी माझी, हे ठरलं होतं."

"उशीवर नाव आहे तुझं?"

"नाव कशाला लागतंय? तेलाचा वास येतोय तिला. वापरली कोणी आणि आता धुवायची कोणी?"

"अगं बाई, मी आठवडाभर गोडाऊनमध्ये लोखंडी दोरांशेजारी झोपतो. एक उशी डोक्याखाली घेतली तर कुठे आभाळ कोसळलं?"

"गोडाऊन कोणी निवडलं? मी?"

"नाही, मीच. मला हौस आहे ना!"

तो दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. शेजारी पान्यांची पिशवी. तिने आल्यापासून खांद्यावरची बॅगही खाली ठेवली नव्हती. मुलांच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून मोबाइलवरच्या खेळाचा आवाज येत होता. इकडचा आवाज वाढला की आतलाही वाढायचा.

दर रविवारी संध्याकाळी हे असंच चालायचं, फक्त विषय बदलायचा. मागच्या खेपेला कुकरची शिट्टी हरवली होती. त्याआधी न्हाणीघरातलं ओलं पायपुसणं दोघांनी दारातल्या दारात एकमेकांवर ढकललं होतं.

तिला हॉटेलात सगळे ताई म्हणतात. तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेले, चादरी-टॉवेल सांभाळणारे लिननचे काकासुद्धा. दोन मजल्यांवरच्या खोल्या तिच्या देखरेखीखाली असतात. पाहुणा गेला की मुली खोली आवरतात आणि ताई मागून जाऊन बघते, चादरीचे कोपरे घट्ट बसलेत का, बेसिनमध्ये केस राहिलाय का, पलंगाखाली मोजा तर नाही. तिचा नवरा, म्हणजे कागदोपत्री अजून नवराच, लिफ्ट दुरुस्त करतो. कुठे कोणी लिफ्टमध्ये अडकलं की त्याला हातातला घास टाकून पळावं लागतं.

लग्न झाल्यापासून ती त्याला 'अहो' म्हणत आली होती. घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला आणि ते 'अहो' तोंडातून निघेना. 'अरे' म्हणावं तर जीभ वळेना. मग तिने अशी भाषा शोधून काढली की जिच्यात समोरचा माणूसच लागत नाही. कचरा बाहेर ठेवावा. गीझर बंद केलेला दिसत नाही. जायचं असेल तर जावं. थोरली एकदा म्हणाली होती, "आई, तू बाबांशी सरकारी पाटीसारखी बोलतेस."

या घराची ही व्यवस्था कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी सुचवली होती. "मुलांनी का म्हणून दप्तरं उचलून इकडून तिकडे फिरायचं? त्यांचं घर त्यांना राहू द्या. फिरायचं तर तुम्ही फिरा." एक आठवडा आई घरात, एक आठवडा बाबा. रविवारी संध्याकाळी एकाने यायचं, दुसऱ्याने निघायचं. दोघांनी लगेच होकार दिला. त्यात शहाणपण कमी आणि हट्ट जास्त होता. घर दोघांनाही सोडायचं नव्हतं, आणि दोघांच्याही वकिलांनी तेच बजावलं होतं.

"ताबा सोडू नका, ताई," तिचे वकील म्हणाले होते.

"कशाचा? घराचा की मुलांचा?"

"एकच आहे हो ते."

ज्याने त्याने कौतुक मात्र भरपूर केलं. आपला आठवडा नसला की ताई भावाकडे झोपायची. तिथे भावजय तर म्हणाली, "वन्सं, खरंच किती समजूतदार तुम्ही दोघं. आमच्यात असतं तर डोकी फुटली असती." ती हे म्हणत होती तेव्हा ताई हातात चादर घेऊन हॉलमधल्या सोफ्यापाशी उभी होती आणि भावाची मॅच संपायची वाट बघत होती. "ताई, आवाज कमी करू का?" भाऊ दर वेळी विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढचं षटक बघायचा. भावजय इतकी गोड वागायची, की तिच्या घरात दुसरा कप चहा मागायचीही चोरी.

कोर्टात काही पुढे सरकत नव्हतं. तारखेला दोघं एकाच बाकावर बसत, कारण पंखा त्याच बाकाच्या वर होता. कधी जजसाहेब रजेवर, कधी त्याचे वकील दुसऱ्या कोर्टात, कधी हिचे. पुढची तारीख घ्यायची आणि उठायचं. एकदा तर जिना उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, आज नेमकं कोण आलं नव्हतं हे विचारायचंच राहिलं.

तर त्या रविवारी उशीचं भांडण अर्धवट टाकून तो गेला. दार आपटून. ताईने बॅग ठेवली आणि कामाला लागली. ओट्यावर अंड्याची टरफलं होती. मिठाचा डबा वरच्या फळीवर गेला होता, कारण तो उंच आहे. तिने तो खाली घेतला. पुढच्या रविवारनंतर तो पुन्हा वर जाणार, हे तिला ठाऊक होतं. पलंगावरची चादर ओढून काढली, धुतलेली घातली, चारही कोपरे गादीखाली दाबले. मुलांच्या चादरी हातावर टाकून ती त्यांच्या दाराशी गेली, बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली, आणि तोंडातून निघून गेलं:

"हाउसकीपिंग!"

आतला खेळ एकदम थांबला. मग धाकटा फिदीफिदी हसायला लागला. आणि थोरली, उशिरा उठलेल्या पाहुण्याच्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "आत्ता नको. नंतर या."

ताईलाही हसू आलं. हसता हसता ती तिथेच उभी राहिली. हॉटेलात असं ऐकलं की पुढच्या खोलीकडे वळायचं असतं. इथे पुढची खोली नव्हती.

जेवताना धाकट्याला ऊत आला. "मॅडम, आमच्या खोलीत पाण्याची बाटली नाही."

"जेव."

"मॅडम, साबण ते छोटे छोटेच देता का?"

"पुरे."

"मॅडम, तुमचं चेक-आउट कधी?"

"पुरे म्हटलं ना!" तिने डाव पातेल्यात आपटला. "नोकर आहे मी तुमची?"

धाकट्याचा खालचा ओठ बाहेर आला. थोरलीने ताट पुढे सरकवलं. "त्याच्यावर कशाला ओरडतेस? तूच म्हणालीस."

"तोंडून गेलं."

"मग आम्हीही हसलो. आता हसायचीही चोरी का? बाबा आले की डबे वर, तू आलीस की डबे खाली. बाबा म्हणतात खिडकी उघडी ठेवा, तू म्हणतेस बंद. आम्हाला कोणी विचारतं? आम्ही दोघं इथे राहतो. तुम्ही दोघं येता."

आम्ही. मुलगी 'आपण' म्हणाली नव्हती. 'आपण' म्हणाली असती तर ताई त्यात बसली असती. 'आम्ही' मध्ये भाऊ-बहीण दोघंच मावत होते.

"मोठ्यांशी असं बोलतात?" ताई म्हणाली, कारण दुसरं काही सुचलं नाही.

धाकट्याने बाहीला नाक पुसलं. "आई, तू इथे नसतेस तेव्हा कुठे असतेस?"

"मामाकडे. माहितीय ना तुला."

"हो, पण मामाकडे कुठे? तुझं काय आहे तिथे?"

तिने आठवून बघितलं. सोफ्यामागे बॅग. भावजयीच्या पेल्यात टूथब्रश.

"एक बॅग आहे."

"बस?"

"बस. भात संपव."

तो संपवत राहिला आणि तिची भूक मेली. इतके महिने ती मुलांकडे येत होती. मुलं तिच्याकडे एकदाही आली नव्हती. कुठे येणार? यायला तिचं काही असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, लिननच्या खोलीत टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसून तिने वकिलांना फोन लावला. "मी वेगळी खोली घेतली तर?"

"ताबा जाईल."

"कशाचा?"

"ताई, कायद्याच्या भाषेत..."

"मराठीत सांगा."

"मराठीतच सांगतोय की. ताबा! तुम्ही घरात आहात तोवर घरावर हक्क सांगता येतो, मुलं घरात आहेत म्हणून मुलांवरही. उद्या तुम्ही बाहेर पडलात की तुमचे मिस्टर म्हणणार, बघा, मुलांना टाकून गेली. मग मला कोर्टात तोंड दाखवायला कुठे जागा ठेवलीत?"

मुलांना टाकून गेली. हे वाक्य कोणकोण म्हणेल त्यांचे चेहरेही तिला दिसले. भावजयही त्यात होती, गोड आवाजात म्हणणारी. "बरं, राहू दे," म्हणत तिने फोन ठेवला आणि टॉवेल मोजायला घेतले. काकांनी विचारलं, "काय झालं ताई?" तर म्हणाली, "काही नाही. डाग जात नाहीत."

राहू दे म्हणाली खरी, आणि तसं राहिलंही असतं. पण त्याच आठवड्यात एका सकाळी, मुलं शाळेत आणि तिची दुपारची पाळी, ती डोक्यावरून न्हाऊन, केसांना टॉवेल गुंडाळून ओटा पुसत होती आणि दारात चावी फिरली. घंटी नाही, हाक नाही. तो आत आला.

"पाना राहिला होता. मोठा."

आणि ताई फडकं मागे लपवत म्हणाली, "आवरतेच आहे. होईल इतक्यात."

"चालू दे तुझं," तो म्हणाला. पाना घेतला आणि गेला.

खरं तर तो वाईट बोलला नव्हता. सगळ्या आठवड्यात कोणी तिच्याशी बोललं असेल त्यातलं हे बरंच बरं वाक्य. पण ती तिथे फडकं पिळत उभी राहिली आणि तिचं डोकं सणकलं. पाहुणा मधेच परत आला की ताई नेमकी हेच म्हणते आणि पाहुणाही नेमकं हेच म्हणतो. न विचारता शिरला तो, आणि माफी मागितल्यासारखी बोलली ती, स्वतःच्या ओट्यासमोर. या घरासाठी तिने वर्षभर बाकं झिजवली होती. कुठलं घर? रविवारी हातात येतं आणि रविवारी हातातून काढून घेतात, त्याला फार तर ड्यूटी म्हणतात.

पाळीआधी ती हॉटेलच्या मागच्या गल्लीत गेली. कुलपं-चाव्यांच्या दुकानावर खोली रिकामी होती, काकांनी मागे कधीतरी सांगितलेली. जिना इतका अरुंद की पिशवी पुढे धरून चढावं लागलं. एक खोली, त्यातच ओटा, मागे न्हाणीघर. नळ गळत होता. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना आणि त्यावर वाळत घातलेली पायपुसणी दिसायची. घरमालकीण जिना चढून दमली होती, ती खिडकीत टेकली.

"माणसं किती?"

"तीन. म्हणजे... कधी तीन, कधी एकच."

"नक्की सांगा बाई. पाण्याचा हिशेब असतो."

"अर्धा आठवडा तीन. अर्धा आठवडा एक."

घरमालकिणीने विचार केला. "मग सरासरी दोन म्हणा. ती मेली अर्धीमुर्धी माणसं नकोत मला हिशेबात."

ताई इतकी मोठ्याने हसली की खालचा चावीवाला वर बघायला आला. तिने नळ दुरुस्त करून मागितला आणि चावी घेतली.

रविवारी तो आला तेव्हा तिची बॅग दारात होती, आणि शेजारी आणखी दोन पिशव्या.

"हे काय? आणि गीझर चालू का आहे? बिल कोणाच्या..."

"सगळ्यांनी बाहेर यावं," तिने मुलांच्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

"मला बूट तरी काढू दे."

"बूट घालूनही ऐकता येतं."

मुलं बाहेर आली. धाकटा सोफ्याच्या हातावर बसला, थोरली दाराला टेकून उभी राहिली.

"मी खोली घेतली. हॉटेलच्या मागच्या गल्लीत."

"कोणासाठी?" तो म्हणाला.

"माझ्यासाठी. आणि या दोघांसाठी."

"वकील काय म्हणाले तुझे?"

"नको म्हणाले."

"मग?"

"मग काय? घेतली."

तो एक बूट काढून बसला होता, तो तसाच हातात राहिला. भांडायची सगळी तयारी करून आलेला माणूस, आणि समोर भांडणच नाही. "म्हणजे घर सोडतेस? आणि माझ्या आठवड्यात रात्रीचे कॉल दुसरा कोणी घेतो, दर आठवड्याला कोण घेणार? मी गेलो तर यांच्याजवळ कोण? मी काय..."

"मलाही कळत नाही. ते ठरवावं लागेल."

"ठरवावं लागेल म्हणे! आधी ठरवायचं की नंतर?"

थोरलीने विचारलं, "आम्हाला विचारलंस?"

"नाही."

"किती खोल्या आहेत?"

"एक."

"एक? मग मी चिडले तर दार कुठलं लावू?"

"न्हाणीघराचं आहे."

धाकटा खुदकन हसला आणि बहिणीकडे बघून त्याने तोंड बाहीत लपवलं. थोरली हसली नाही. "मला आवडलं नाही तर?" ती म्हणाली.

"तर सांग. भांडू आपण. पण तिथे."

"कोर्टात काय सांगणार आहेस तू?" त्याचा आवाज आता चढला होता. "सोडून गेली म्हणून मी लिहून दिलं तर?"

"द्यायचं असेल तर द्यावं. पुढच्या तारखेला मीही तेच सांगणार आहे, जे आत्ता सांगते." तिने बॅग खांद्याला लावली. "बुधवारी शाळा सुटली की दोघांनी माझ्याकडे यायचं. शनिवारपर्यंत तिथे राहायचं, मग इथे. या घरात मी आता राहायला येणार नाही."