एनिसचा पहिला कौल

उपेंद्रला आयुष्यात कुणी कधी निवडून दिलं नव्हतं. शाळेत तो मॉनिटर झाला नाही, कॉलेजात वर्गप्रतिनिधी झाला नाही. निवडून येणारी माणसं वेगळी असतात, आणि उपेंद्र हाक मारली की येणारा माणूस होता. कराडच्या एका शिक्षकाचा हा मुलगा सांगलीला इंजिनिअर झाला, चाकणला काही वर्षं घासला आणि मग आयर्लंडात शॅननच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात लागून जवळच्या एनिस गावात स्थिरावला. एनिसमधल्या मराठी घरांत बॉयलर बंद पडला की पहिला फोन त्याला जाई. कुणाचे आईवडील भारतातून आले आणि त्यांचं दुखणंखुपणं निघालं, तर हॉस्पिटलात त्यांच्याशेजारी बसून डॉक्टरांचं म्हणणं मराठीत आणि आजोबांची कुरकुर इंग्रजीत करायला तोच. त्याची बायको स्वरूपा म्हणायची, "तुला बनवताना देव 'नाही'चं बटण बसवायचंच विसरला."

दोन हजार वीसच्या नोव्हेंबरात त्याचे वडील गेले. विमानांचा आणि नियमांचा असा घोळ होता की वेळेत पोहोचणं शक्यच नव्हतं. चुलतभावाने कृष्णाकाठच्या स्मशानात फोन उंच धरला आणि उपेंद्रने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पाहिलं. मधेच चित्र गोठलं. पुन्हा हललं तेव्हा लोक पाठ फिरवून परत निघालेले दिसत होते.

त्यानंतर आई, शोभनाबाई, कराडच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहू लागल्या. फोनवर त्या कधी तक्रार करत नसत. आज भाजी काय केली ते सांगत, आणि रोज तीच भाजी सांगत. जानेवारीत उपेंद्र आणि स्वरूपाने ठरवलं, की जूनमध्ये मुलीची, भार्गवीची, शाळा सुटली की कायमचं परत जायचं. शिरवळच्या एका कारखान्याने व्हिडिओवर मुलाखती घेतल्या होत्या. मालकाचा शेवटचा होकार तेवढा राहिला होता आणि मालक घाई करणाऱ्यांतला नव्हता.

तो होकार येईपर्यंत कुणाला काही कळू द्यायचं नव्हतं. गावातलाच नरेश उपेंद्रच्याच कारखान्यात, त्याच मजल्यावर काम करायचा. माणूस चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. कारखान्यात माणसं कमी करायची कुजबुज चालू होती. हा जायच्या विचारात आहे असं वर कळलं असतं, तर पहिलं नाव उपेंद्रचं लागलं असतं, आणि शिरवळने नाही म्हटलं तर दोन्ही दारं बंद. नरेशची मुलगी निधी ही भार्गवीची जिवाभावाची मैत्रीण. म्हणून भार्गवीलाही सांगितलं नव्हतं. तेरा वर्षांची मुलगी; तिचं सगळं जग या गावात. होकार आला की सगळ्यांत आधी तिला सांगायचं, शेजारी बसून सांगायचं, एवढं उपेंद्रने मनाशी पक्कं केलं होतं. तोवर तिने उन्हाळ्यातल्या कॅम्पचा विषय काढला की तो "बघू गं" म्हणे आणि ती तिकडच्या पोरांसारखं "ग्रँड", म्हणजे ठीक आहे, म्हणून वर जाई. ते "ग्रँड" त्याला रोज थोडं थोडं टोचायचं.

अशा दिवसांत मंडळाची निवडणूक आली.

सह्याद्री मंडळ हे आयर्लंडभर विखुरलेल्या मराठी कुटुंबांचं. एरवी दर दोन वर्षांनी डब्लिनच्या हॉलमध्ये सभा भरे, जेवणं होत आणि जेवणाआधी अध्यक्ष ठरे. त्या वर्षी घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती. तेव्हा डब्लिनला लागून असलेल्या ल्यूकनच्या हर्षवर्धनने एक योजना मांडली. हर्षवर्धन सॉफ्टवेअरमधला, हुशार, बोलका, आणि अध्यक्ष व्हायची त्याची इच्छा लपण्यासारखी नव्हती. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याने अमेरिकेतल्या पक्षांच्या उमेदवारीची लढत एखाद्या क्रिकेट मालिकेसारखी पाहिली होती. तिथे एकेक राज्य आपापल्या दिवशी कौल देतं, तसंच आपण करू, असं त्याचं म्हणणं होतं. एकेका रविवारी एकेक गाव झूमवर जमेल. आधी छोटी गावं, शेवटी ल्यूकन.

"छोट्यांना आधी संधी दिली की त्यांना मान मिळतो," तो सभेत समजावून सांगत होता. "आधी कौल देणारी आयोवा, न्यू हॅम्पशायर ही काही मोठी राज्यं नाहीत. पण तिथे मतं किती मिळाली याला महत्त्व नसतंच. बातमी काय झाली, याला महत्त्व. पहिल्या बातमीवर पुढची राज्यं ठरवतात, आणि मागे पडलेले घरी जातात."

मंडळाचे सर्वांत जुने सभासद दीनानाथकाका म्हणाले, की अमेरिकेचं अमेरिकेला लखलाभ, आपल्याकडे भांडण नको एवढं बघा. योजना मात्र मंजूर झाली. उपेंद्र त्या सभेत कॅमेरा बंद करून बटाटे सोलत होता. बातमीबद्दलचं ते वाक्य त्याने ऐकलं आणि साल टाकावं तसं टाकून दिलं.

दोन दिवसांनी नरेशने एनिसच्या ग्रुपवर त्याचं नाव सुचवलं. सगळ्या घरांनी अंगठे वर केले. स्वरूपाने त्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि आत्ताच नाही म्हण, असं बजावलं. उपेंद्र फोन हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. नाही म्हणायचं तर कारण हवं. ज्याने आजवर कुणाला नाही म्हटलं नाही, त्याने अचानक नाही म्हटलं तर नरेश विचारणार, का रे बाबा, कुठे निघालायस? मग त्याने हिशेब मांडला. एनिसची घरं दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी. एकट्या ल्यूकनमध्ये बाकी सगळ्या गावांच्या बेरजेपेक्षा जास्त. हर्षवर्धनच येणार हे उघड आहे. आपण एनिसपुरते उभे राहू, हरू आणि मोकळे होऊ.

"बेरीज बरोबर आहे," तो स्वरूपाला म्हणाला.

"बेरीज कायमच बरोबर असते तुझी," ती म्हणाली आणि कपाटातून कप काढायला वळली.

एनिसमध्ये सगळी मतं उपेंद्रला पडली. त्यात नवल काहीच नव्हतं. तिथे असं एकही घर नव्हतं जिथला बॉयलर त्याने उघडला नव्हता. पण मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर ती बातमी "एनिसचा एकमुखी कौल" अशी गेली. पुढच्या रविवारी किलकेनी होतं. तिथे बहुतेक सगळे हॉस्पिटलातले डॉक्टर आणि नर्स. ड्युट्यांनी पिळून निघालेली माणसं. उमेदवारांपैकी कुणालाच ते धड ओळखत नव्हते आणि तिघांची भाषणं ऐकायला त्यांना त्राण नव्हतं. एका अख्ख्या गावाने एकाच माणसाला मत दिलंय, तर तो माणूस बरा असणार, असा साधा विचार त्यांनी केला. किलकेनीही उपेंद्रला गेलं.

तेव्हा त्याला बटाटे सोलताना ऐकलेलं वाक्य आठवलं. त्याने मतांची बेरीज केली होती. पहिलं कोण बोलतं याचं वजन त्याच्या बेरजेत कुठेच नव्हतं.

तिसरा रविवार कॉर्कचा. तिथल्या औषध कंपनीतल्या विजयालक्ष्मी या तिसऱ्या उमेदवार. त्या नक्की अडवतील, असं उपेंद्र धरून चालला होता. पण कॉर्कच्या आदल्या दिवशी त्यांनीच फोन करून सांगितलं, की मी नाव मागे घेते आहे आणि आमच्या गावाने तुम्हाला मत द्यावं असं लिहिते आहे. वारं कुठे आहे ते कळतं हो, असं म्हणून त्या हसल्या. उपेंद्र त्यांना म्हणाला, की असं करू नका, लोकांना निवड मिळायला हवी. विजयालक्ष्मींनी ग्रुपवर हेच त्याचं मनाचं मोठेपण म्हणून लिहिलं, आणि त्याची आणखी मतं वाढली.

आता उरलं ल्यूकन. हर्षवर्धनने एकट्या आपल्या गावाच्या जोरावर सगळं फिरवलं असतं. पण दीनानाथकाका कामाला लागले होते. मंडळाचा अध्यक्ष बिनविरोध व्हावा, ही त्यांची आयुष्यभराची हौस. पतपेढी असो, गणेशोत्सव असो, जिथे गेले तिथे त्यांनी सगळं बिनविरोध करून दाखवलं होतं. ते रोज हर्षवर्धनला फोन करत होते. तीन गावं एका बाजूला आणि ल्यूकन दुसऱ्या बाजूला, असं दिसलं तर मंडळ फुटेल, तू मोठा हो, असं त्यांचं पालुपद होतं.

हे कळलं तसं उपेंद्रने जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून हर्षवर्धनला फोन लावला. काचेवर बारीक पाऊस होता. समोरून नरेश डबा घेऊन चालला होता. त्याने हात केला, यानेही केला.

"तू माघार घेऊ नकोस," उपेंद्र म्हणाला.

"तू मला चिडवायला फोन केलायस का?"

"नाही रे. मनापासून सांगतोय. ल्यूकन तुझं आहे. तू येशील निवडून."

"आणि मग तीन गावं म्हणणार, ल्यूकनवाल्यांनी गिळलं. तुझं काय जातंय? हरलास तरी संत, जिंकलास तरी संत."

"तूच सांगितलं होतंस ना," उपेंद्र काकुळतीला आला, "गेल्या वर्षी अमेरिकेत जो पहिल्या राज्यात चौथा आला, दुसऱ्यात पाचवा, तोच शेवटी उमेदवार झाला म्हणून. मग तू कशाला घाबरतोस?"

"झाला. चौथं राज्य त्याच्या पाठीशी उभं राहिलं आणि बाकीचे मागे हटले." हर्षवर्धन कोरडं हसला. "पण त्याला रोज सकाळी दीनानाथकाकांचा फोन येत नव्हता."

खरं कारण उपेंद्रच्या ओठांवर आलं होतं. पण हर्षवर्धनला सांगणं म्हणजे ग्रुपवर लिहिणं. तो नुसता म्हणाला, की मला खरंच नको आहे रे.

"हे बघ, नको-नको म्हणणारा माणूस लोकांना फार आवडतो," हर्षवर्धन म्हणाला. "मला ते जमलं नाही. तुला जन्मतःच येतं." आणि त्याने फोन ठेवला.

रविवारी संध्याकाळी सगळी गावं एकत्र झूमवर आली. स्वरूपा टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसली होती. शिरवळच्या मालकाकडून अजून काहीच आलं नव्हतं. भार्गवी वर आपल्या खोलीत होती. दीनानाथकाकांनी घसा साफ केला आणि हर्षवर्धनने मोठ्या मनाने नाव मागे घेतल्याचं सांगितलं. चौकोनाचौकोनांतून टाळ्या वाजल्या. हर्षवर्धनही वाजवत होता.

"तर आपले उपेंद्र बिनविरोध," काका म्हणाले. "कुणाची हरकत?"

उपेंद्रने माइक सुरू केला. "माझी आहे."

सगळे हसले. नरेश तर खुर्चीत मागे रेलून हसला. हा विनय आहे, अशीच सगळ्यांची समजूत. आपल्याकडे अध्यक्षाने एकदा तरी नको म्हणायचंच असतं. उपेंद्र म्हणाला, मी या पदाला लायक नाही. विजयालक्ष्मी म्हणाल्या, म्हणूनच लायक आहात. तो म्हणाला, मला वेळ नसतो. किलकेनीतून कुणी म्हणालं, आम्हाला तरी कुठे असतो. प्रत्येक कारण त्याच्या हातातून काढून घेतलं जात होतं, आणि काका हातातला ठरावाचा कागद वाचायला पुन्हा वर उचलत होते. उपेंद्रने स्वरूपाकडे पाहिलं. तिने मान हलवली, पण ती हो म्हणते आहे की नको, हे त्याला कळलं नाही.

"मी जूनमध्ये परत जातोय," तो म्हणाला. "कायमचा. आई एकटी आहे."

नरेश स्क्रीनच्या अगदी जवळ आला होता; त्याच्या खांद्यामागून निधी सरकन उठून गेलेली दिसली. उद्या सकाळी कारखान्यात काय होणार ते उपेंद्रला समोर दिसत होतं. तरी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. निदान हे एक तरी आता सुटलं.

दीनानाथकाकांनी चष्मा काढून पुसला. "आईकडे जातोयस, फार चांगलं करतोयस," ते म्हणाले. "पण मला सांग, गेल्या वर्षभरात आपली एक तरी सभा हॉलमध्ये झाली का? तू एनिसच्या स्वयंपाकघरात बसलायस काय नि कराडच्या बसलायस काय, आम्हाला चौकोन तेवढाच दिसणार."

कुणीतरी हसलं, पण या वेळी हलकेच.

"उलट बरंच आहे की," विजयालक्ष्मी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "आमचे सगळ्यांचे आईवडील तिकडेच आहेत, उपेंद्र. माझे मिरजेला आहेत. कुणाला हॉस्पिटलात न्यायचं झालं तर आमचं तिकडे कुणीही नाही. तुम्ही असाल."

मग एकेक चौकोन बोलू लागला. कुणाचे वडील साताऱ्याला, कुणाची सासू इचलकरंजीला, कुणाची बहीण सांगलीत एकटी. कुणी हुकूम सोडत नव्हतं, कुणी मस्करी करत नव्हतं. वडिलांची चिता फोनवर पाहिलेल्या माणसाला त्या आवाजांतलं सगळं कळत होतं. हर्षवर्धननेच मग हात वर केला आणि अनुमोदन दिलं.

जिन्यावर पावलं वाजली. दारात भार्गवी उभी होती, हातात फोन, फोनवर निधीचा मेसेज. ती एरवी इंग्रजीत बोले तशीच आत्ताही बोलली, अगदी हळू, माइकला ऐकू जाणार नाही इतकं.

"तू आधी त्यांना सांगितलंस."

उपेंद्र खुर्चीवरून अर्धा उठला. स्वरूपा केव्हाच उठली होती, पण तिने हात धरायच्या आत भार्गवी वळली आणि जिना चढून गेली. वरचं दार तिने आपटलंसुद्धा नाही. नुसतं लावून घेतलं.

"अध्यक्ष, कुठे निघालात?" दीनानाथकाका विचारत होते. "सगळे थांबलेत. दोन शब्द बोला."

पडद्यावर सगळी गावं त्याच्याकडे पाहत होती. उपेंद्रने एकदा जिन्याकडे पाहिलं, मग तो खाली बसला.

"सर्वांना नमस्कार," तो म्हणाला.