खंडेनवमीला धुतलेल्या बाटल्या

खंडेनवमी जवळ आली की अजूनही मला त्या बाटल्या आठवतात.

टेमघरच्या एका डाईंग कारखान्यात मी लॅब सांभाळायचे. नुकतीच बी.एस्सी. झालेली, त्यामुळे डोक्याला शिंगं फुटलेली. हाताखाली खारबावच्या एक मावशी होत्या. शाळा कधी बघितली नव्हती त्यांनी. बाटल्यांवर मी मराठीत चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्यांच्यावरूनच त्यांना अक्षरं शिकवली. 'पाणी', 'ॲसिड' असं बोट ठेवून वाचायच्या आणि "बघ बाय, मना वाचता येतंय!" म्हणून अख्ख्या खात्याला ऐकवायच्या.

त्या वर्षी नवमीला शेजारच्या लूमवाल्यांनी लूम पुजले, आम्ही लॅब. मावशींनी एकेक बाटली साबणाने घासली. चिठ्ठ्या सुटून मोरीत गेल्या. मग बाटल्या उंचीप्रमाणे मांडून कुंकू लावलं, आणि खिळ्याला टांगलेल्या संरक्षक चष्म्यालाही झेंडूची माळ घातली.

"बाय, चिठ्ठ्या परत डकवू?"

"राहू द्या हो, मला सगळं तोंडपाठ आहे." केवढी ती मिजास!

दसऱ्याची सुट्टी संपली आणि पहिल्याच सकाळी कापडाचा रंग बिघडला. डाईंग मास्तर माझ्या नावाने बोंबलत होता. मावशींनी बीकरमध्ये कॉस्टिक सोड्याचं द्रावण घेतलं होतं, ते पातळ करायला त्यात पाणी घालायचं होतं. कुठल्या बाटलीतलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी दाराबाहेर पडता पडता, मागे न बघताच म्हणाले, "डावीकडची."

पाणी नेहमी डावीकडेच असायचं. पूजेच्या मांडणीत तिथे ॲसिड आलं होतं.

फट्‌कन आवाज झाला, मग किंकाळी. मी धावत येऊन त्यांचं तोंड नळाखाली धरलं. "डोले, बाय, माजे डोले!" एवढंच त्या ओरडत होत्या. चष्मा माळेसकट खिळ्यालाच होता. पूजेची माळ मोडायची नाही म्हणून त्यांनी तो काढला नव्हता, आणि मला मेलीला ते दिसूनही मी बोलले नव्हते.

एक डोळा वाचला, दुसरा गेला.

पंधरा दिवसांनी शेठने आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. कोणाच्या चुकीने झालं, विचारलं. माझी नोकरी जाणार हे मला कळून चुकलं होतं. मावशींनी उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं.

"शेठ, मना वाचता कुठं येतंय? मीच येडी, भलतीच बाटली उचलली."

शेठ माझ्याकडे वळले. "यांना वाचता येत नाही?"

मी म्हणाले, "नाही."