डीसीच्या पेट्या आणि शुभांगी मॅडमची सही

हिंगण्याला आमच्या वर्कशॉपात सोलरच्या डीसी पेट्या बनतात, म्हणजे पॅनेलची वीज गरज पडली की तोडणारे ब्रेकर बसवलेले डबे. पेट्यांपेक्षा किस्से जास्त बनतात, अन् किस्स्यांना ना टेस्टिंग लागतं ना डिस्पॅच! मी वायरिंगला. टेस्टिंगला शुभांगी मॅडम, मूळच्या उमरेडच्या. त्यांची सही झाल्याशिवाय पेटी गेटबाहेर जात नाही. बहुतेक किस्से मॅडम अन् त्यांच्या सहीवरूनच झालेले.

*

जरीपटक्याचे एक कापडवाले आले. सोलरच्या पेटीत त्यांना घरातल्या बोर्डावरचा साधा एसी ब्रेकर बसवून हवा होता. "मॅडम, यावरही बत्तीस अँपिअर लिहिलं, त्यावरही बत्तीस. फरक काय?"

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, एसीचा करंट सारखा शून्यावर येत राहतो, तिथं ठिणगी विझते. डीसीचा येतच नाही. तुम्ही खटका पाडला तरी आत ठिणगी जळतच राहते."

"मग विझते केव्हा?"

"दुकान जळून झाल्यावर!"

*

कन्हानच्या एका गिऱ्हाइकाचा फोन. "तुमचा ब्रेकर घडीघडी पडून राहिला. वैताग आला मले! डबल साइजचा लावून द्या."

"वायर पण डबल जाडीची टाकता का?" मॅडमनी विचारलं.

"वायर काहून? वायर तर चांगली आहे!"

"ती चांगली राहावी म्हणूनच ब्रेकर पडते, भाऊ. तो वायर वाचवाले आहे, तुमचा मूड वाचवाले नाही!"

मॅडम स्वतः गेल्या. एका जॉइंटमध्ये वायर सोलली जाऊन शॉर्ट होत होती. ब्रेकर तोच राहिला.

*

आमचा फिटर प्रशांत. एकदा त्यानं ब्रेकरचं प्लस-मायनस उलटं जोडलं; अशानं डीसी ब्रेकरमधली ठिणगी विझत नाही. मॅडमनी पेटी परत पाठवली. हा तणतणत आला, "मॅडम, उलटं असलं तरी चालू तर होऊन राहिलं ना!"

"चालू तर नुसती वायरही होते, प्रशांत. ब्रेकर बंद व्हायसाठी असते!"

त्यानं गुपचूप स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

*

मे महिन्यात एका घरी गेलो. दुसऱ्याच कोणीतरी बसवलेली पेटी, गच्चीवर भर उन्हात. पेटी तापून ब्रेकर रोज दुपारी पडायचा. मालकानं काय करावं? पेटीसमोर कूलर लावून ठेवलेला, पाण्याचे शिंतोडे थेट पेटीवर!

मॅडमनी आधी कूलर बंद केला. "पेटी सावलीत घेऊ. वायर जाड आहे, तेव्हा इथल्या उन्हाचा हिशोब धरून ब्रेकर थोडा मोठा निवडला तरी चालेल."

जिन्यातून त्या घरच्या बाईचा आवाज आला, "पाहा वं मॅडम! मी स्वयंपाकघरात उकडून राहिली, अन् ब्रेकरले कूलर!"

*

आता हे ऐका.

मुलींच्या एका हॉस्टेलच्या पेट्या होत्या. ठेकेदारानं डीसी ब्रेकर काढून परस्पर एसीचे बसवायला लावले. आमचे मालकही "चालून जाईल" म्हणाले. पेट्या गाडीत चढल्या. राहिली फक्त सही.

"मी करत नाही," मॅडम म्हणाल्या.

मालक चिडले. "सही नसेल करायची तर उद्यापासून येऊ नका!"

"ठीक आहे. पण आज आहे ना मी?"

त्यांनी एक पेटी गाडीतून उतरवली अन् अंगणातल्या टेस्टिंगच्या सोलर पॅनेलना जोडली. भर दुपार, पूर्ण लोड. आम्ही सगळे हातातलं काम टाकून गोळा झालो. मॅडमनी खिशातून पेन काढला अन् शेजारी उभ्या ठेकेदाराला म्हणाल्या,

"साहेब, हा खटका तुमच्या हातानं पाडा. मी इथंच उभी राहून सही करते."

ठेकेदारानं हात पुढं केला. थांबला. मालकांकडं पाहिलं. मालक पॅनेलकडं पाहत होते.

"हातमोजे आहेत का?" त्यानं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "हॉस्टेलच्या पोरींना देऊन राहिले का?"

मग गाडीतल्या पेट्या खाली उतरवायला पहिला हात मालकांनी लावला.