व्याह्यांचं इंजिन आणि दोन बादल्या पाणी

आमच्या व्याह्यांइतका इंजिनावर जीव टाकणारा आणि माणसांना कस्पटासमान लेखणारा माणूस कोकणात दुसरा झाला नाही, आणि जर्मनीत तर होणारच नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी मी कोलोनला तीन महिने राहिले, तेव्हा ते तिथेच मुलाकडे होते. उभा जन्म मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. विहीणबाई वारल्यावर त्यांचं मन रमावं म्हणून जावयांनी ऱ्हाईनच्या काठी एक जुनी मोटरबोट घेऊन दिली होती. तिचं इंजिन बोटीच्या पोटात, फळ्या उचलल्या की दिसणारं. व्याही रोज ट्रामने जाऊन त्याला बघून येत. इंजिनाला ते ‘बाळा’ म्हणत आणि नातीला ‘अगं ए’. नात जन्मली तेव्हा दुपट्यात डोकावून म्हणाले, “आवाज चांगला आहे, ठोका चुकत नाही,” आणि गेले बोटीकडे.

घरात कपडे धुवायचं मशीन फिरायला लागलं की तोंडात घास असला तरी उठून त्याला कान लावायचे. “बेअरिंग गेलं,” म्हणायचे. मी होते तोवर ते काही गेलं नाही. जर्मन शब्द त्यांना दोनच येत, ‘गेनाऊ’ आणि ‘कापुट’. म्हणजे ‘बरोबर’ आणि ‘बिघडलं’. तेवढ्यावर ते शेजारच्या म्हाताऱ्याशी त्याच्या गाडीबद्दल तासभर बोलत, आणि म्हातारा मान डोलवत ऐके. मराठीतले शब्द मात्र त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवले होते. चहा दिला की, “विहीणबाई, यात चहा आहे की भांडं विसळलेलं पाणी?” माझी शाळा चौथीत सुटली हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी बाळाच्या औषधाची बाटली हातात घेतली की म्हणायचे, “राहू द्या, ते वाचायला पाचवीत शिकवतात.” लेक हसायची. मग मीही हसायचे. मनात मात्र एकेक शब्द मोजून ठेवायचे.

ऑक्टोबर संपत आला. आपल्याकडे होड्या पावसाळ्यात वर ओढतात, तिकडे थंडीत. बोट शेडमध्ये आणली होती. लेक बाळापाशी घरी, म्हणून बादल्या धरायला मला नेलं. कामावर जाता जाता जावयांनी सगळं समजावलं. “बाबा, तेल बदला, इंजिन गरम करा, मग या डब्यातलं हिरवं, न गोठणारं औषध त्याला बादलीतून खेचू द्या. एक्झॉस्टमधून हिरवं आलं की बंद. त्यावर पाण्याचा थेंबही नको. आत पाणी राहिलं तर गोठून फुगेल, लोखंड फुटेल.”

“मला शिकवतोस? तुझ्या जन्माआधीपासून इंजिनं खोलतोय मी.”

“आणि एप्रिलमध्ये सुरू नाही झालं तर बोट विकायची. आपलं ठरलंय.”

जावई गेले. व्याह्यांनी काम मात्र सुरेख केलं. जुनं तेल बोटांत चोळून बघितलं, हुंगलं, नवं तेल देवाला अभिषेक करावा तसं बारीक धारेने ओतलं. हिरवं बाहेर आलं, इंजिन बंद झालं. आता हात पुसतील असं वाटलं, तर म्हणाले, “विहीणबाई, दोन बादल्या साधं पाणी आणा.” कोकणात इंजिन ठेवून देताना शेवटी गोड्या पाण्याने धुतात, खारं आत राहू नये म्हणून. इथे नदीत मीठ कुठलं? पण हाताची सवय.

“पण जावई म्हणाले की…”

“तुम्ही पाणी आणा. इंजिन म्हणजे चौथीचं पुस्तक नव्हे.”

मी पाणी आणलं. लाजेने मला पुढे बोलता आलं नाही, असं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. बोलता आलं असतं. मी मनात म्हटलं, फुटू दे. दोन्ही बादल्या मीच भरल्या, काठोकाठ. हिरवं जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत इंजिन चाललं, आणि ते पाणी पोटात घेऊन थंडीभर पडून राहिलं.

मी परत आले. एप्रिलमध्ये लेकीचा फोन आला. इंजिनाला हातभर भेग. बोट भंगारवाल्याने नेली. “आई, बाबा घराबाहेरच पडत नाहीत गं,” ती म्हणाली. मग व्याह्यांनी फोन मागून घेतला.

“विहीणबाई, पाणी मीच मागितलं होतं असं मुलाला सांगितलंय. तुमच्यावर यायला नको.”

“अहो, मला ठाऊक होतं,” मी म्हणाले. “तेव्हाच.”

 

“सांगितलं असतंत तरी मी ऐकलं नसतं,” ते म्हणाले. मग हळूच, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात, “पण एकदा सांगून बघायचं होतंत.”