हिरवे ठिपके

स्टेथोस्कोपची चकती ती आधी मुठीत धरायची. आकडे मोजावेत तशी ओठ हलवत थोडा वेळ थांबायची, आणि चकती कोमट झाली की मगच जनावराच्या छातीला लावायची. तोवर मालकाला विचारायची, "आजचा दिवस कसा गेला?" कालचा नाही, उद्याचा नाही, आजचा.

ती परभणीकडची. म्युनिकमध्ये आमच्याच रस्त्यावर तिचा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना होता, आणि आठवड्यातून दोन दिवस ती विद्यापीठात शिकवायला जायची. इथे पुन्हा सगळ्या परीक्षा देऊन ती डॉक्टर झाली होती. मी हॉटेलात भांडी घासता घासता किराणा दुकान उभं केलेला माणूस. घाऊक व्यापारी माझ्याशी भाव ठरवायला बसले की घाम पुसतात. ती मला शेठ म्हणायची, मी तिला डॉक्टरीणबाई.

माझ्या मुलीने नऊ वर्षांची असताना हट्टाने एक पिल्लू आणलं होतं. त्याचं नाव भुऱ्या. मुलीला मराठी बोललेलं कळतं, पण वाचता येत नाही आणि उत्तर जर्मनमध्येच येतं. घरात मला पूर्ण मराठीत ऐकून घेणारा तो एकटाच. मुलगी कार्ल्सरूहेला शिकायला गेली आणि मागे आम्ही दोघेच राहिलो.

भुऱ्याची मूत्रपिंडं निकामी होत आली तेव्हा तिने त्याला टेबलावर घेतलं नाही. स्वतःच फरशीवर मांडी घालून बसली.

"आल्झो, म्हणजे असं बघा शेठ, दवाखान्यात कुत्रा उसनं अवसान आणतो. घरी तो कसा असतो ते तुम्हालाच दिसणार."

माझ्या दुकानाचं मराठी कॅलेंडर तिच्या भिंतीवर होतं. तसंच एक घरी लावायला सांगितलं. तो जेवला, उठला, दारापर्यंत आला तर हिरवा ठिपका. नाही तर लाल. दर सोमवारी कॅलेंडर घेऊन यायचं. लाल जास्त झाले की थांबायचं.

"थांबायचं म्हणजे?"

"म्हणजे त्याला कायमचं झोपवायचं."

"नाताळपर्यंत द्या. पोरगी नाताळात येणार आहे."

"मी देणारी कोण? तिला आत्ताच बोलवा."

"परीक्षा आहेत तिच्या. बरं, नाताळ नको, त्याच्या आधीचा रविवार."

"शेठ, हे काय डाळ-तांदूळ आहेत?"

मी मुलीला बोलावलं नाही. मी हिरवे ठिपके काढले. भुऱ्या उलटी करून तिथेच पडून राहायचा, मी फरशी पुसायचो आणि हिरवं पेन उचलायचो. सोमवारी दवाखान्यात तो तिला बघून शेपटी हलवायचा. ती कॅलेंडर बघायची, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे, आणि सलाईन लावायची.

नाताळात मुलगी आली. तिने दारातूनच त्याला पाहिलं, बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, याचे हाल चाललेत. कधीपासून?"

डॉक्टरीणबाई घरी आली. माझ्या मुलीच्या मांडीवर त्याचं डोकं होतं तेव्हाच तिने इंजेक्शन दिलं. त्याआधी चकती मुठीत धरून गरम केली. शेवटच्या वेळीही.

सगळं झाल्यावर मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मी डॉक्टरीणबाईकडे बोट दाखवलं. "या दर आठवड्याला तपासत होत्या. बरा आहे म्हणाल्या."

ती असं कधीच म्हणाली नव्हती. भिंतीवरून काढलेलं खोट्या ठिपक्यांचं कॅलेंडर तिच्या हातातच होतं. ती म्हणाली, "हो. माझ्या लक्षात यायला हवं होतं." कॅलेंडर पिशवीत घालून ती गेली. मुलगी त्यानंतर तिच्याशी बोलली नाही. माझ्याशी बोलते.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, दुसऱ्याचं ओझं गुपचूप उचलणारी. त्यांचा राग येतो. मला तर कारणही मिळालं. वर्षभराने एक जर्मन विद्यार्थिनी मसाला घ्यायला दुकानात आली. भिंतीकडे बघून म्हणाली, "असंच एक कॅलेंडर आमच्या बाई वर्गात दाखवतात. मालकाने ठिपके खोटे काढले होते, कुत्रा सहा आठवडे उगाच जगला."

मी दुकान उघडं टाकून दवाखान्यात गेलो. लोक मांजरं घेऊन बसले होते. "माझी अब्रू वर्गात वाटता?" मी मराठीत ओरडलो.

"नाव नाही सांगत मी, शेठ. आणि तुम्ही अर्धंच ऐकलंत. उरलेलं ऐकून जा."

मी ऐकलं नाही. त्यानंतर ती समोरून आली की मी रस्ता ओलांडायचो. दोन हिवाळे असेच गेले. दुसऱ्यात तिच्या डोक्यावर सतत लोकरी टोपी असायची, घरातसुद्धा, असं शेजारीण सांगायची. मी विचारलं नाही. ती वारल्याचं मला दवाखान्याच्या दारावरच्या कागदावरून कळलं, आणि तोवर तीन आठवडे उलटले होते.

तिची मदतनीस कपाटं रिकामी करत होती. कॅलेंडर मागून घ्यायचं, एवढ्याच हेतूने मी आत शिरलो. तिने ते लगेच दिलं.

माझे हिरवे ठिपके तसेच होते. पण प्रत्येक सोमवारच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक मराठी अक्षरं होती, कॅलेंडर नेल्यावर तिने आपल्या नोंदींतून उतरवलेली. त्या वर्गात ती कुणालाच वाचता आली नसणार. पहिल्या सोमवारी: "शेठ खोटं लिहितात. उद्या बोलते." दुसऱ्या सोमवारी: "उद्या बोलते." पुढच्या चारही सोमवारी तेच. शेवटच्या पानाखाली जर्मनमध्ये, विद्यार्थ्यांसाठी: चूक दोघांची. डॉक्टरला माहीत होतं.

आता भांडायचं कुणाशी?

मुलीला हे वाचता येणार नाही. मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, हिरव्या ठिपक्यांसकट. काल मी कॅलेंडर समोर ठेवून फोन लावला.

"हो, पापा?" ती जर्मनमध्ये म्हणाली.

"जेवलीस का?" मी विचारलं.

जेवले, म्हणाली. तिकडे पाऊस आहे, म्हणाली. मी पहिल्या सोमवारवर बोट ठेवलं. ती म्हणाली, अजून काही? मी म्हटलं, नाही, उद्या बोलतो.